मोकळ्या पावलांचा रकाना

तुम्हाला माहीत होतं.

बाकीचं सगळं नंतर. हे एवढं वाक्य आधी समोर ठेवते, कारण तुमच्या खो-खो निवड मंडळाला केलेल्या मागच्या तीन अर्जांत मी 'नम्र विनंती' आणि 'कृपया दखल घ्यावी' असलं लिहिलं, आणि तुम्ही दखल घेतली नाहीत. माझी बहीण प्रणोती बुरुंगले, वय वीस, अंगावर सात नंबर. तिच्या चालण्यात काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला माहीत होतं. मला कळायच्या आधी. डॉक्टरला कळायच्या आधी. तिला स्वतःला कळायच्या आधी. माहीत असून तुम्ही तिला यादीत पहिल्या नंबरावर ठेवलंत आणि टाळ्या वाजवल्यात.

मी दीपाली. प्रणोतीची थोरली बहीण. तुमच्या मान्यताप्राप्त कॅमेरावाल्यांच्या यादीत माझं नाव आहे. निदान मागच्या महिन्यापर्यंत होतं. आता हे तुमच्या कचेरीतल्या कपाटात पडून राहू नये म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते, पहिल्यापासून.

मी खो-खो खेळायचे. विसाव्या वर्षी गुडघा गेला. खेळ सुटला, पण मैदान सुटेना, म्हणून एक जुना कॅमेरा घेतला आणि खांबाच्या मागं बसायला लागले. शिकवणारं कुणी नव्हतं. फुकटचे व्हिडिओ, दोन फाटकी पुस्तकं, आणि कराडला मुजावरचाचांच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानातलं एक स्टूल, एवढीच माझी शाळा. तिथं जे कळलं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचा गुन्हा कळणार नाही.

एक डोळा मिटून समोर अंगठा धरा. आता दुसरा मिटा. अंगठा सरकल्यासारखा दिसतो. किती सरकला त्यावरून तो जवळ आहे की लांब हे डोक्याला उमगतं. कॅमेऱ्याच्या आत लाखो बारीक ठिपके असतात, त्यातल्या प्रत्येकाला असेच दोन अर्धे डोळे असतात. डावा अर्धा आणि उजवा अर्धा जे बघतात त्यात फरक आला की कॅमेऱ्याला कळतं, भिंग पुढं सरकवायचं की मागं, आणि किती. झालं चित्र स्वच्छ.

उभ्या माणसाला एवढं पुरतं, पळत्याला पुरत नाही. भिंग सरकायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पळणारी हातभर पुढं गेलेली असते. म्हणून कॅमेरा अंदाज बांधतो. मघाशी ही तिथं होती, आता इथं आहे, म्हणजे पुढच्या क्षणाला अमुक जागी असणार. भिंग तो आधीच तिथं नेऊन ठेवतो. मग ती खरोखर कुठं आली ते बघतो, अंदाज किती चुकला ते मोजतो आणि पुढचा अंदाज सुधारतो. सेकंदाला दोनशे वेळा. पूर्वी अंदाज किती चुकला हा आकडा वापरून झाला की कॅमेरा फेकून द्यायचा. त्याचा कुणाला काय उपयोग?

तुम्हाला उपयोग दिसला. हुशारी होती, नाही म्हणत नाही.

खो-खोत आठजणी मधल्या पाटीवर आलटून पालटून तोंडं करून बसतात, नववी पाठलाग करते. पळणारी त्या बसलेल्यांमधून नागमोडी निघते आणि ऐनवेळी हुलकावणी देते. खांदा डावीकडं, पाय उजवीकडं. तिचं सगळं कसब त्या एका फसवणुकीत. तुम्ही म्हणालात, जी कॅमेऱ्याच्या अंदाजाला चुकवते ती माणसालाही चुकवणार. अंदाज किती चुकला त्याचा शंभरातला आकडा काढलात, त्याला 'चकवा' नाव दिलंत आणि निवड त्यावर करायला लागलात.

मी टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिली होते. आमच्या वेळी संघात कुणाची भाची, कुणाची पुतणी असायची. कॅमेऱ्याला भाची नसते. गरिबाच्या पोरीला तो बरोबर बघेल असं मला वाटलं. अजूनही मी कॅमेऱ्याला दोष देत नाही. त्यानं बरोबरच बघितलं.

प्रणोतीचा चेहरा माझ्या कॅमेऱ्यात पहिल्या क्रमांकावर नोंदवलेला होता. नोंदवलेला चेहरा असला की चौकटीत वीसजणी असू देत, कॅमेरा तिलाच धरतो. तिच्या डोळ्यावर हिरवा चौकोन बसतो आणि ती कुठंही गेली तरी सुटत नाही. पाठ फिरवली तरी तिच्या वेणीवरून ओळखून थांबतो. आई चार वर्षांपूर्वी गेली. वडिलांनी साताऱ्यात दुसरा संसार थाटला. घरात आम्ही दोघी. मी तिला घरात जेवढं बघितलं त्याच्या दसपट त्या हिरव्या चौकोनातून बघितलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यापासून तिचा चकवा चढायला लागला. तीस होता, छत्तीस झाला. मग चव्वेचाळीस. मैदानाच्या कडेला लावलेल्या पाटीवर आकडा उमटला की पोरी किंचाळायच्या.

"पनू, तू पळतीस का नाचतीस गं?" तिची मैत्रीण अस्मिता धापा टाकत म्हणाली. दोन मिनिटं मागं पळून तिचा हात प्रणोतीला लागला नव्हता. "कुठं जाणार ते कळंचना झालंय मला!"

"मलाच कळत नाय, तर तुला काय कळणार!" प्रणोती म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. कॅमेऱ्यामागून ओरडले, "जास्त शेफारू नकोस, चौकोन सुटला नाही माझा अजून!"

"तुझ्या कॅमेऱ्याला पाणी पाजलंय मी, ताई. बघ त्याला, घाम आलाय."

आमचे प्रशिक्षक शेवते सर. माणूस सरळ, पण त्यांची काही व्रतं होती. प्रत्येकीनं घरून तांब्याचं भांडं आणायचं, त्यात आदल्या दिवशीचं पाणी, आणि सरावाआधी दोन भांडी पोटात गेलीच पाहिजेत. तांब्यातलं पाणी म्हणजे हाडाला पोलाद, असं ते म्हणायचे. आकडा चढायला लागला तसं ते सगळ्यांना सांगायचे, "बघा प्रणोतीला. चार भांडी पिते. उगाच नाही पळत." त्यात त्यांचं काही वाईट नव्हतं. आमच्या आजोबापणजोबांनी तेच पाणी प्यायलं. मीच रोज तिचं भांडं चिंचेनं घासून भरून ठेवत होते.

मग फेब्रुवारीतला तो रविवार. नवं भिंग आलं होतं, ते तपासायला कॅमेरा घरातच सुरू केला. प्रणोती स्वयंपाकघरातून दोन कप चहा घेऊन आली. सपाट फरशी, बारा पावलं. हिरवा चौकोन तिच्या डोळ्यावर बसला आणि थरथरायला लागला. भिंग मागंपुढं चाचपडू लागलं. कोपऱ्यात आकडा आला, सदतीस.

कुणी पाठलाग करत नव्हतं. कुणाला हुलकावणी देत नव्हती ती. चहा आणत होती.

"परत चाल," मी म्हणाले.

"चहा पिऊ दे की आधी. निम्मा बशीतच सांडलाय."

"हात कापतोय तुझा."

"भूक लागलीय. तू पोहे करणार होतीस ना? का त्याचा पण फोटोच दाखवणार?"

ती परत चालली. एकोणचाळीस. मग कॅमेरा तिपाईवर ठेवून मी चालून बघितलं. माझा गुडघा लंगडा, तरी आकडा सहा. शेजारच्या मंगलमावशींना चालायला लावलं, साठीच्या बाई, आकडा चार. आणि यावरून मी काय निष्कर्ष काढला असेल? माझ्या जागी आणखी कुणी असतं, एखादी शाळामास्तरीण, एखादी नर्स, तर तिनं बहिणीकडं बघितलं असतं. मी कॅमेरावाली. मी म्हणाले, नोंदवलेल्या चेहऱ्याची फाइल खराब झाली, कॅमेरा बिघडला. आणि दुसऱ्या दिवशी कराड गाठलं.

मुजावरचाचा सत्तरीचे. चष्म्यावर आणखी एक भिंग बांधून बसतात.

"काय दुखणं हाय?"

"एकाच माणसावर अडखळतोय, चाचा."

"एकाच? बाकी दुनियेवर चालतोय?"

"हो."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि कॅमेरा ठेवून घेतला. दोन दिवसांनी गेले तर खोललेलासुद्धा नव्हता.

"बेटी, कॅमेरा ठणठणीत हाय. माणूस दाखवून आण."

"म्हणजे?"

त्यांनी दुकानाचं दार लोटलं. "ह्यो कॅमेऱ्यातला पडदा गिऱ्हाइकाला दावायचा नाय असं लिहून घेतलंय आमच्याकडनं. दुरुस्तीवाल्यापुरता हाय. मी दावला न्हाय आणि तू बघितला न्हाय."

कॅमेऱ्याच्या पाठीवर एक तक्ता उघडला. माझ्या मैदानावरच्या सगळ्या मुलींची नावं. पुढं महिन्यांप्रमाणे दोन रकाने. एक चकवा, तो मला पाठ होता. दुसरा मी कधी बघितलाच नव्हता. त्यावर लिहिलं होतं, 'मोकळी पावलं'.

चाचांनी सांगितलं ते असं. हुलकावणीत अंदाज चुकतो तो पाठलाग करणारी दोन हातांवर आली की. ती लांब गेली की चूक खाली येते. खेळाडू ठरवून चुकवते, म्हणून चुकीला जागा असते, वेळ असते. पण जिचं अंगच सांगितलेलं ऐकत नाही, तिच्या बाबतीत चूक कायमच असते. खेळ संपल्यावर पाणी प्यायला जातानासुद्धा. हा फरक केला नाही तर चकव्यात भेसळ होते, म्हणून कॅमेरा बनवणाऱ्यांनी तो वेगळा मोजला. कुणी मागं नसताना टाकलेल्या पावलांतली चूक. अस्मिताची तीन. कुणाची चार, कुणाची पाच. एकीची सात, तिच्या घोट्याला पट्टी होती.

प्रणोतीची मागच्या जानेवारीत चार. फेब्रुवारीत पाच. मेपर्यंत तशीच. मग नऊ. चौदा. पुढचे आकडे चढतच गेलेले. शेवटचा तेहतीस होता.

"हे वर मंडळाकडं जातं?" मी विचारलं.

"दर महिन्याला. बघितलं म्हणून खूण बी येती परत." त्यांनी बोटानं दाखवलं. प्रत्येक महिन्यापुढं बारीक निळी टिकली होती. एकही महिना रिकामा नव्हता.

चाळीस हजार फोटो काढलेली बाई मी. त्या पडद्याचा फोटो काढायचं मला सुचलं नाही. आठ दिवसांनी तुमच्याकडून कॅमेऱ्यात नवी प्रणाली आली आणि तो पडदा चाचांच्याही यंत्रावरून गेला.

आता माझ्याबद्दल. तुम्हाला झोडायचं तर मला सोडून चालणार नाही.

निवड चाचणी अकरा दिवसांवर होती. राष्ट्रीय संघात नाव आलं की क्रीडा कोट्यातून नोकरी, हे आमच्या घरात आई असल्यापासून ठरलेलं. मी त्याच दिवशी तिला ओढत दवाखान्यात न्यायला हवं होतं. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाले, "पनू, मिरजेला एकदा डॉक्टरला दाखवून येऊ."

"कुणाला?"

"तुला. हात कापतोय, परवा जिन्यात ठेचकाळलीस. बोलताना पण जीभ जड लागतेय तुझी."

"चाचणी झाल्यावर."

"उद्या जाऊ."

तिनं ताट खाली ठेवलं. "ताई, डॉक्टरनं पंधरा दिवस विश्रांती सांगितली तर? आकडा चढलाय माझा. आत्ता कुठं चढलाय! तुझा गुडघा गेला म्हणून मी पण घरात बसू का?"

मी गप्प बसले. टोमणा लागला म्हणून गप्प बसले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मलाही ते नाव यादीत बघायचं होतं. पडद्यावरचं मी तिला सांगितलंच नाही. अकरा दिवस एकाच घरात, एकाच ताटलीत चटणी घेऊन, मी माझ्या बहिणीपासून तिचीच गोष्ट लपवली.

चाचणीला ती नऊची नऊ मिनिटं नाबाद राहिली. तिघीजणींनी आळीपाळीनं पाठलाग केला. एकीनं खांबावरून सूर मारला तर ही अशी काही वळली की ती पोरगी मॅटवर तोंडावर आपटली. पाटीवर आकडा आला, अठ्ठावन्न. राज्यात आजवर कुणाचा आला नव्हता. शेवते सर लहान मुलासारखे उड्या मारत होते.

शिट्टी झाली. प्रणोती हात वर करून मैदानाबाहेर निघाली. आसपास कुणी नव्हतं. मॅटच्या कडेशी तिचा डावा पाय उजव्या पायात अडकला आणि ती पडली. उठली, परत पडली.

तुमच्या माणसानं कर्ण्यावरून सांगितलं, "बघा बघा, मैदानाबाहेर पण चकवा!"

लोक हसले. तीही हसली. तो फोटो माझ्याकडं आहे. हिरवा चौकोन बरोबर डोळ्यावर, चित्र काचेसारखं स्वच्छ. मी कॅमेरा खाली ठेवून पळायला हवं होतं तेव्हा माझं बोट बटणावर होतं.

मिरजेला डॉक्टर हेरवाडकरबाईंनी तिला सरळ रेषेत चालायला लावलं, नाकाला बोट लावायला सांगितलं. मग विचारलं, "पाणी कशातलं पिता?"

"तांब्यातलं," प्रणोती अभिमानानं म्हणाली. "रोज चार भांडी. सर म्हणतात, ताकद येते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. विजेरी घेऊन तिच्या डोळ्यांत बघितलं, बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "तुम्ही फोटो काढता ना? हिच्या डोळ्यांचे जवळून काढलेले जुने आहेत?"

आहेत का? माझा कॅमेरा दुसरं काय धरतो! फोनवर होता तो पहिलाच दाखवला. पुढच्या खोलीत मोठा करून लावलेला. प्रणोतीचा चेहरा, ऊन समोरून, आणि काळ्याभोर बुबुळाच्या कडेनं बारीक सोनेरी-तपकिरी कडं. किती जणांना मी कौतुकानं दाखवलं होतं. पोरीच्या डोळ्यात ऊन उतरलंय म्हणाले होते.

"हे ऊन नाही," बाई म्हणाल्या. "हे तांबं आहे."

आपल्या खाण्यापिण्यात थोडं तांबं असतंच. नको असलेलं शरीर यकृतातून बाहेर टाकतं. काही माणसांत ती बाहेर टाकायची सोय जन्मतःच बिघडलेली असते. मग ते यकृतात साठतं, तिथून मेंदूत जातं, डोळ्यांच्या कडेला बसतं. हात कापतो, तोल जातो, जीभ जड होते. आईबाप दोघांकडून हा दोष यावा लागतो. भांड्यातल्या पाण्यानं आजार झाला नाही, पण या पोरीला तो थेंबही नको होता. याला औषध आहे. साठलेलं तांबं बाहेर काढणाऱ्या गोळ्या आहेत. लवकर सापडलं तर माणूस जवळजवळ पहिल्यासारखा जगतो.

"गेल्या पावसाळ्यात आला असतात तर..." बाई थांबल्या.

"तर काय? पुरं बोला."

"तर बरंचसं वाचलं असतं. आता पुढचं थांबवू. झालेलं किती परत येईल, आज सांगता येत नाही."

मलाही तपासलं. मी निर्दोष निघाले. कागदावर तोच शब्द होता.

घरी येऊन मी सगळे फोटो काढून बसले, तारखेप्रमाणे. एकेका डोळ्यावर जाऊन मोठं करून बघत गेले. चार दिवस लागले. कडं पहिल्यांदा स्पष्ट दिसतं ते सतरा ऑगस्टला. नखाच्या कातरणाइतकं. म्हणजे सतरा ऑगस्टपासून ते माझ्याकडं होतं आणि मी ते भिंतीवर लावलं होतं. ही माझी तारीख. मी ती लपवत नाही.

मग मी तुमच्याकडं आले. पाचवा मजला, काचेचं दार. तुमचे साहेब बसले होते. नाव लिहीत नाही, त्यांनी पाटीही उलटी करून ठेवली होती.

"बसा. प्रणोतीताईंचं ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं."

"दुसरा रकाना द्या."

"कसला?"

"मोकळी पावलं. दर महिन्याला तुमच्याकडं येत होता. बघितल्याची खूण होती."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. "ताई, खूण म्हणजे फाइल उघडली. वाचली असं नाही. आणि वैद्यकीय निष्कर्ष काढायचा आम्हाला अधिकार नाही. उद्या आम्ही एखाद्या मुलीला सांगितलं, तुला आजार आहे, आणि नसला तर?"

"दाखवून या एवढं म्हणायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आमचे मुजावरचाचा म्हणाले. चौथी पास आहेत."

"तुम्ही भावनेच्या भरात आहात."

"मग तो रकाना पडद्यावरून काढला कशाला?"

इथं ते चुकले. रागानं चुकले बहुतेक. म्हणाले, "काढणार नाही तर काय? एका मुलीचा आकडा असा विचित्र यायला लागला. तो बाहेर गेला असता तर लोक म्हणाले असते चकवाच खोटा. सगळी निवडपद्धत मातीत गेली असती. हजारो मुलींचा प्रश्न होता."

ते काय बोलून गेले ते त्यांनाही कळलं.

"म्हणजे विचित्र आहे हे दिसलं होतं," मी म्हणाले. "कधी?"

"तुम्ही लेखी अर्ज करा."

तीन केले. तिसऱ्यानंतर यादीतून माझं नाव गेलं. तुम्ही काय हिरावून घेतलंत तर कॅमेरा ठेवायची जागा. ती मी नाहीतरी सोडलीच होती.

आता घरी असं आहे. तांब्याची भांडी माळ्यावर गेली. प्रणोती गोळ्या घेते. भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाते. हात पूर्वीपेक्षा कमी कापतो, घास तोंडापर्यंत जातो. शब्द जड येतात, म्हणून ती बोलायचं टाळते. अस्मिता पहिले काही दिवस यायची, आता शिबिरात आहे. सर एकदा आले, उंबऱ्यातच उभं राहून रडले आणि गेले. कोट्यातली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तिचं काही चुकलं नाही.

प्रणोतीनं फोटो काढायची मला बंदी केलीय. भिंतीवरचा तो मोठा फोटो मी उतरवला, तिथं चुन्याचा पांढरा चौकोन राहिलाय. आम्ही दोघी समोरासमोर बसतो, आणि मला कळतं की हिरव्या चौकोनाशिवाय हिच्याकडं कसं बघायचं हे मला येत नाही. मी बघायला लागले की ती तोंड फिरवते. अकरा दिवसांचं मी तिला सांगून टाकलं. त्या दिवसापासून ती मला ताई म्हणत नाही. हाक मारायची असली तर पाटावर बोटानं टकटक करते.

मागच्या गुरुवारी मात्र बोलली. मी भाजी निवडत होते. एकेक शब्द तोडून, मध्ये लाळ पुसत, बोलली.

"अठ्ठावन्नात... मी किती होते?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं.

ती मला गोळ्यांचं विचारत नव्हती. चालता कधी येईल ते विचारत नव्हती. तिला एवढंच हवं होतं, की त्या नऊ मिनिटांत तिनं ठरवून दिलेली हुलकावणी किती आणि तांब्यानं हलवलेलं अंग किती. अस्मिता दमून खाली बसली, ती पोरगी मॅटवर आपटली, सर नाचले, ते सगळं तिच्यामुळं होतं की तिच्या दुखण्यामुळं. ती कधी चांगली खेळाडू होती की नव्हती.

मी म्हणाले, "सगळे तुझेच."

"खोटं," ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

तिचं बरोबर आहे. मी तिच्याशी एकदा खोटं वागले, आता माझं खरंही तिला पुरत नाही. तिला आकडा हवाय. आणि तो आकडा आहे. प्रत्येक सामन्याचा, प्रत्येक पावलाचा, सेकंदाला दोनशे वेळा मोजलेला. पाठलाग करणारी दोन हातांवर असताना किती आणि मोकळ्या पावलांत किती. एकातून दुसरं वजा करायचं, चौथीचं गणित आहे. ते मला करता येत नाही कारण दुसरा रकाना तुमच्या पाचव्या मजल्यावर आहे.

मला तुमची माफी नको. चौकशी समिती नेमू नका, तिच्या नावानं चषक तर अजिबात ठेवू नका. माझी बहीण भिंतीकडं तोंड करून बसलीय आणि तिनं साधा प्रश्न विचारलाय. अर्ज नाही, विनंती नाही. अठ्ठावन्नातले प्रणोतीचे स्वतःचे किती, सांगा.